वरचे साठ

सकाळी साडेसातला बोरिवलीच्या नाक्यावर
माणसं उभी असतात ती रंगाच्या, फरशीच्या, स्लॅबच्या कामाला.
मी विचारलं, भात कापायला येणार का?
एक पोरगा हसला. मुंबईत भात?
खाडीपलीकडे, म्हटलं. गोराईला. बोटीचं भाडं माझं.

भिंतीला टेकलेली बुधी धिंडा पुढे आली.
जव्हारकडची, स्वतःची मूठभर वरई आटोपून उतरलेली.
तिचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता:
"विळे तुमचे का आमचे?"
तेव्हाच कळलं, हिला येतं.

सहाशे म्हणाली. मी पाचशे.
स्लॅबवाला सातशे देतो. तो जेवण देत नाही, मी म्हटलं.
"जेवणात काय?"
सुकट, भाकरी, डाळ, भात.
"ह्याच शेतातला भात?"
नाही. गेल्या वर्षीचा मे महिन्यातच संपला. दुकानातला.
यावर ती गप्प बसली, आणि मी
दहादहाने चढत पाचशे साठवर थांबले.
चाळीस वाचवल्याचा आनंद
जेटीपर्यंत पुरला.

पीक अर्धं आडवं पडलेलं, हे मी नाक्यावर बोलले नव्हते.
बुधीने बांधावरून एकदा पाहिलं,
एकदा माझ्याकडे,
आणि पदर खोचला.
आडवं भात कापताना कंबर उठतच नाही,
मूठ चिखलातून शोधून काढावी लागते.
तीन दिवस. सहा माणसं.
पलीकडच्या रिसॉर्टात कुणाची तरी हळद वाजत होती,
आणि माहद्या त्या ठेक्यावर विळा चालवायचा,
मग लाजून थांबायचा.

इग्नेस दोहाहून फोनवर:
किती झालं? खर्च किती? अगं, त्यापेक्षा विकत घे.
त्याचा हिशेब बरोबर असतो. नेहमीच.
पण सातबाऱ्यावर पीक म्हणून "भात" लिहायला
शेतात भात उभं असावं लागतं,
नाहीतर "पड" लिहितात,
आणि पड दिसली की पांढरे बूट घालून माणसं येतात.
म्हणजे मी भात कापून घेते
ते दोन अक्षरांसाठी.
हे बुधीला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

रविवारी हिशेब. एटीएमातून फक्त पाचशेच्या नोटा.
माणशी तीन नोटा, आणि वरचे रोजचे साठ,
तीन दिवसांचे एकशे ऐंशी. सुटे कुठून आणू?
मच्छीवाल्या हिराबायने दोनशे मोडून दिले, तेही ओले.
मिठाईवाल्याने मान हलवली.
मेणबत्त्यांची पेटी फादर सोमवारी उघडतात.
फोनवर पाठवते म्हटलं,
तर सहांत फोन एकच, माहद्याचा,
आणि बुधी म्हणाली,
त्याच्या फोनात गेलेलं त्याच्याच खिशात ऱ्हातं.
सरळ चार-चार नोटा देऊन मोकळं व्हावं,
हे सुचलं नाही असं नाही.

शेवटी तीच म्हणाली,
"वरच्याचं भातच दे, बाय."
साठाची एक पायली. दिवसाला एक. अठरा पायल्या.
पायली घरात होती, पत्र्याची,
खिळे-स्क्रू ठेवायच्या कामाची.
ते ओतून, पुसून, खळ्यावर बसले.

पहिली भरली. वर शीग आली, टोकदार.
आणि माझा हात, कुणी न सांगता,
तिच्यावरून सपाट फिरला.
मूठभर दाणे परत राशीत पडले.
सहाही जणं बघत होती, राशीकडे नव्हे, हाताकडे.
बुधीने पिशवीचं तोंड उघडं धरलं होतं, तसंच धरून ठेवलं.

दुसरीला हात मागे ठेवला.
तिसरीला पुन्हा फिरला, अर्ध्यातून ओढून घेतला.
पुढच्या कशा भरल्या ते नीट आठवत नाही.
शेवटच्या बोटीला ती सहाजणं गेली,
पिशव्या मांडीवर घेऊन.

रात्री तळहात खाजत राहिला.
कुसळं लागतात. खोबरेल लावलं, राख लावली.
एवढा एक हात फिरवला तर इतकं,
मग तीन दिवस ज्यांनी ते कवेत धरलं
त्यांचं काय, असं मनात आलं,
आणि दिवा लावून मी
पायलीत खिळे परत भरले.